खालच्या छावणीतल्या चुली

"धूर कुठं हाय?" मगदूम साहेबांनी विचारलं.

मी मॉर्टरच्या खड्ड्यात बसून दाढी करत होतो. अर्धा गाल फेसात, अर्धा मोकळा. वर बघितलं तर साहेब चहाचा मग घेऊन खड्ड्याच्या कडेला उभे, आणि लक्ष सगळं खाली. खालच्या छावणीत रोज सकाळी, धुकं दरीतून उठायच्या आत, पन्नासेक चुली पेटायच्या. धुराचा वास वर आला की आमची पोरं म्हणायची, वहिन्या उठल्या. त्या दिवशी एकही चूल पेटलेली नव्हती. एक बकरी तेवढी ओरडत होती.

"उशिरा उठल्या असतील," मी म्हटलं.

"पन्नास बायका एकदम उशिरा उठत्यात व्हय रं? तोंड पूस आणि रायफल घे."

नायब सुभेदार केरबा मगदूम हे आमच्या चौकीचे कमांडर. गडहिंग्लजकडचा माणूस, अंगानं किरकोळ, जिभेनं तिखट. मी हवालदार सर्जेराव पोवार, दोन मॉर्टर, म्हणजे उखळी तोफा, माझ्या ताब्यात. आफ्रिकेतल्या ज्या देशात हे घडलं त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं आधीच पुष्कळ बदनाम झाली आहेत, त्यात माझी भर नको. आम्ही शांतिसेनेची निळी हेल्मेट घालून गेलो होतो. कारवाई पाच-सहा देशांची मिळून होती. हेलिकॉप्टरं एका देशाची, चिलखती गाड्या दुसऱ्याच्या, इस्पितळ तिसऱ्याचं, आणि नकाशावर रंगीत पेन्सिली फिरवणारे साहेब सगळ्यांचे. डोंगरावर चिखलात बसायला मात्र मराठे.

डोंगराच्या माथ्यावर आमची एक प्लाटून. थोडं खाली, पश्चिमेच्या सपाटीवर, त्या देशाच्या स्वतःच्या फौजेची एक कंपनी. त्यांच्याकडे शिपाई बायकामुलांसकट राहायचे, कोंबड्या-बकऱ्यांसकट. त्यांच्या छावणीच्या मागून एक नाला जंगलात उतरायचा. समोरच्या उत्तरेच्या डोंगरावर बंडखोर, त्यांना आम्ही नुसतं 'समोरचे' म्हणायचो. ते गावात शिरले की कोयत्यानं काम करत, गोळी वाचवत. आणि आमच्या पायथ्याला, दक्षिणेला, पळून आलेल्या चारेक हजार माणसांच्या ताडपत्र्या. आमच्या काटेरी तारेला खेटून झोपायची बिचारी. डोंगर आमच्याकडे होता तोवर ती जिवंत होती, इतका साधा हिशोब होता.

आम्ही खाली गेलो. छावणी ओस पडली होती. झोपड्यांची दारं उघडी, दोऱ्यांवरचे कपडे गेलेले, भांडी गेलेली. जागोजागी तीन-तीन दगडांच्या चुली आणि त्यात गार राख. शेवटच्या झोपडीपुढे एका पेटीवर लेफ्टनंट कासोंगो बसला होता आणि बुटांना पॉलिश करत होता.

कासोंगो आमचा दोस्त. भारतात कोर्स करून आलेला, मोडकीतोडकी हिंदी बोलायचा. मी त्याला मॉर्टरचं निरीक्षण शिकवलं होतं, पुढं बसून बॉम्ब कुठं पडला ते बघायचं आणि वायरलेसवर दुरुस्ती सांगायची. म्हणून मी त्याचा उस्ताद. त्याची बायको नीमा आणि पाठीवर बांधायच्या वयाची मुलगी फुराहा. नीमा हे नाव ऐकून आमच्या पोरांना फार आपलेपणा वाटायचा. बाई उंच, काळीभोर, नवऱ्यावर डाफरायची. कासोंगो आमच्या लंगरात जेवून आला की तिला राग यायचा, आणि त्याला तिच्या रागाचं भारी कौतुक.

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. आदल्या संध्याकाळी बातमी आली की शेजारची चौकी पडली आणि तिथल्या शिपायांना बायकामुलांसकट कापलं. मग त्याची कंपनी ऐकेना. अंधार पडल्यावर सगळे नाल्यानं जंगलात उतरले. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही. माझी बायको आणि पोरं शेजारच्या मोर्चात, म्हणजे खंदकात, असती तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. कासोंगो एकटा मागं राहिला. नीमा जायला तयार नव्हती, त्यानं तिला दंडाला धरून नाल्यापर्यंत ओढत नेलं आणि बाकीच्या बायकांच्या हवाली केलं.

"अब वो बच गयी, उस्ताद," तो म्हणाला. "मेरा काम हो गया. अब मैं आराम से लड़ेगा."

खरंच त्याच्या चेहऱ्यावर आराम होता. बूट चकाकत होते.

मगदूम साहेबांनी वायरलेसवर कंपनीला कळवलं. आमचे मेजर सेल्वन हे तमिळ, पण जवानांकडून मराठी शिकलेले, त्यामुळे ते थेट आमच्या गावची मराठी बोलायचे. ते म्हणाले की धुक्यात हेलिकॉप्टरवाले उडायला तयार नाहीत, आणि दुसऱ्या एका देशाच्या तुकडीला गाड्या घेऊन यायला उद्याची दुपार होईल. "उद्या दुपारपातूर तग धर, केरबा. कसं बी कर. तू हटलास तर खाली एक माणूस उरायचा न्हाई."

साहेबांनी हेडफोन ठेवला आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर्जेराव, आपुन जे बघतो तेच त्ये बी बघत्यात की."

"काय?"

"चुली. त्यांच्याकडं बी दुर्बिणी हायत. धूर दिसला न्हाई की समजणार, कंपनी पळाली, वर तीस-पस्तीस टाळकी उरल्यात. आज रात्रीच येतील. पेटवा चुली."

डोकं चाललं होतं साहेबांचं, आम्ही सगळेच खूश झालो. दहा-बारा पोरं काड्यापेट्या आणि रॉकेल घेऊन खाली उतरली. ओली लाकडं, केळीची पानं, जे धूर करेल ते चुलीत. दोऱ्यांवर आमच्या लुंग्या वाळत घातल्या. दोघंतिघं पोंचो, म्हणजे रेनकोट, पांघरून उगाच इकडून तिकडं फिरत होती. माझा नाईक शेलार तर डोक्यावर घागर घेऊन बायकी चालीत चालायला लागला, आणि कैक दिवसांनी चौकीवर सगळे पोट धरून हसले.

कासोंगो हसत होता पण हात लावत नव्हता. शेवटी म्हणाला, आमच्यात बाप्या माणूस रांधायच्या चुलीत विस्तव घालत नाही. आई मारते. बायको असेल तर माहेरी जाते. शेलारनं त्याला विचारलं, मग गेले दहा महिने आमच्या लंगरात बाप्यांच्या हातचं खाल्लंस ते कसं चाललं? "वो फौज है," कासोंगो म्हणाला, "वो घर नहीं है." आम्हाला त्यात वावगं काही वाटलं नाही. आमच्या आयुष्यात पलटणीतल्या चुली बाप्येच पेटवत आले.

सगळ्या चुली पेटल्या, कडेची एक राहिली. ती नीमाची. तिथं पोरांनी हात घातला नाही, एवढी अक्कल होती. साहेब म्हणाले, "हीच सगळ्यांत कडंला हाय, समोरनं पयली हीच दिसती." कासोंगोनं शेलारकडून काडीपेटी घेतली. मग गुडघ्यावर बसला, काडी ओढली, आणि गाल फुगवून फुंकायला लागला. धुरानं डोळ्यांत पाणी आलं तसं पोरांनी त्याला चिडवून घेतलं.

संध्याकाळी परत चुली पेटवल्या. त्या रात्री समोरचे आले नाहीत. दूर कुठंतरी एक मशीनगन वाजली आणि बंद झाली, एवढंच. सकाळी उजाडलं तेव्हा मगदूम साहेब मिशीतल्या मिशीत हसत होते. पोरं न सांगता खाली जाऊन तिसऱ्यांदा चुली पेटवून आली, कडेची तेवढी कासोंगोनंच पेटवली. दुपारपर्यंतचा तर प्रश्न होता.

धुकं विरळ व्हायला लागलं आणि पहिला गोळा पडला.

तो लंगरावर पडला. पत्रा, भांडी, भाताचं पातेलं सगळं हवेत. दुसरा माझ्या खड्ड्याच्या अलीकडे फुटला आणि कानात नुसती शिट्टी वाजायला लागली. मग उत्तरेच्या उतारावरून ते आले. रांगेत नाही, घोळक्यानं, ओरडत, काही जण नुसत्या बनियनवर. आमच्या मशीनगननं पहिला घोळका अक्षरशः खाली लोळवला. मागचे त्यांच्यावर पाय देऊन वर आले. त्यांचं एक रॉकेट मशीनगनच्या मोर्चात थेट शिरलं. इंगवले तिथं होता, आष्ट्याचा. मी वळून बघितलं तेव्हा तो बसलेला होता आणि त्याचा खालचा जबडा जागेवर नव्हता. हात अजून ट्रिगर शोधत होता. त्याच्या जागी सुतार गेला, मशीनगन परत सुरू झाली.

मी आणि शेलार बॉम्ब सोडत होतो. नळी इतकी तापली की हाताला पोतं गुंडाळावं लागलं. उत्तरेच्या उतारावर आमचे बॉम्ब नेमके पडत होते. तिथं माती, झाडं आणि माणसांचे तुकडे एकाच रंगाचे झाले होते. एक जण स्वतःचं पोट दोन्ही हातांनी धरून तारेपर्यंत आला, तारेवर ओणवा झाला आणि तसाच राहिला. अर्ध्या तासात त्यांचा जोर मोडला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात वायरलेसवर कासोंगोचा आवाज आला. तो पश्चिमेच्या मोर्चात चार जवानांसह होता. मी खड्ड्यात, मला नाला दिसत नव्हता. त्या बाजूला माझे डोळे म्हणजे तोच.

"उस्ताद, नाला. बहुत आदमी."

उत्तरेचा हल्ला आमचं लक्ष गुंतवायला होता, खरा घाव पश्चिमेनं येत होता. नाल्याच्या तोंडाचं अंतर मी आधीच बांधून ठेवलेलं. शेलारनं नळी फिरवली. मी बॉम्ब हातात घेऊन फायरचा हुकूम मागितला.

"रुको," कासोंगो म्हणाला. मग वेगळ्याच आवाजात, "उस्ताद, रुको, रुको. आगे औरतें हैं."

साहेब वाकून पळत पश्चिमेच्या मोर्चात गेले. पुढचं त्यांनीच मला वायरलेसवर सांगितलं, एकेक शब्द सावकाश. जंगलातून बायका वर येत होत्या. खालच्या छावणीतल्याच. डोक्यावर गाठोडी, पाठीवर पोरं. सगळ्यांत पुढं नीमा. आणि त्यांच्या मागं, वीस पावलं सोडून, समोरचे. त्यांनी बायकांना बांधलं नव्हतं, मारलं नव्हतं. नाल्यातून चोरून वर येताना पुढं बायका दिसल्या, आणि त्यांनी फक्त त्यांच्या मागं चालायचं ठरवलं. बायकांना मागं कोण आहे ते कळलेलंसुद्धा नव्हतं.

"सर्जेराव," साहेब म्हणाले, "बायकांच्या मागं, जवळात जवळ, किती जवळ टाकशील?"

"शंभर मीटर. नळी तापल्या, दारू दमट हाय. त्याच्या आत मी जबाबदारी घेत न्हाई."

"शंभरावर त्यांची शेपटी हाय. तोंड बायकांच्या पाठीला हाय."

वर उत्तरेला सुतारची मशीनगन चालू होती, म्हणजे ते पुन्हा जमा होत होते. नाल्यातून ते आत शिरले की आमच्या पाठीत गोळ्या, आणि मग पायथ्याच्या चार हजारांचं काय व्हायचं ते सांगायला नको. साहेबांनी मला 'फायर' म्हटलं असतं तर मी टाकले असते. त्यांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी वायरलेस कासोंगोच्या हातात दिला. "तुझी माणसं हायत, तू सांग," असं ते मराठीतच म्हणाले, आणि त्याला ते समजलं.

"उस्ताद," कासोंगो म्हणाला, "सौ मीटर पीछे. दो बम. फिर बंद करना. मैं नीचे जाता."

दोन बॉम्ब मी टाकले. देवाला हात जोडून टाकले म्हटलं तर खोटं होईल, हातांना तेवढी फुरसत नव्हती. ते नेमके शेपटीत पडले. बायकांनी मागं वळून बघितलं, आणि मग त्या वर पळत सुटल्या. समोरच्यांचं गुपित फुटलं तशी त्यांनी पहिल्यांदा पाठमोऱ्या बायकांवर गोळ्या सोडल्या.

मॉर्टर आता निरुपयोगी. मी आणि शेलार रायफली घेऊन पश्चिमेच्या तारेकडे पळालो. तिथून सगळं दिसत होतं. गाठोडी फुटून मका सांडला होता आणि त्यावर बायका पडत होत्या. कासोंगो तारेच्या फटीतून कधीच खाली गेला होता, हेल्मेट नाही, डोकं उघडं. मगदूम साहेबांनी मागं बघितलं, आठ-दहा जवान दिसले तेवढे घेतले आणि संगिनी लावून खाली उडी टाकली. महाराजांच्या नावाची आरोळी उठली. मीही ओरडत होतो. आपण काय ओरडतो ते त्या वेळी आपल्याला ऐकू येत नाही.

गाठ पडली ती छावणीत, चुलींच्या मध्ये. इतक्या जवळून लढायचं शिक्षण आम्हाला असतं, पण शिक्षणात माणसाचा वास नसतो. एकानं एका बाईचा हात कोपरापासून उडवला आणि पुन्हा कोयता उचलला. साहेबांनी त्याच्या तोंडाला पिस्तूल टेकवून गोळी घातली. शेलारची संगीन एकाच्या बरगडीत अडकली, निघेना, त्यानं पाय देऊन ओढली, तोवर दुसऱ्यानं शेलारच्या मानेवर वार केला. शेलार पेटत्या चुलीवर पडला. त्या दुसऱ्याला मी मारलं. एक गोळी पुरली असती, मी मॅगझिन संपवलं. कासोंगो रायफल दोन्ही हातांनी धरून दस्त्यानं एकाला मारत होता, तो माणूस मेल्यावरही मारत होता.

मग ते पळाले. नाल्यात उतरताना आमच्या पोरांनी त्यांना वरून टिपलं. उत्तरेलाही शांत झालं. डोंगर आमच्याकडे राहिला. दुपारी ऊन पडल्यावर हेलिकॉप्टरं आली आणि त्यांनी रिकाम्या जंगलावर रॉकेटं सोडली. गाड्याही आल्या. पायथ्याच्या चार हजारांतल्या कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. हल्ली पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत मला बोलावतात, देशाचं योगदान या विषयावर दोन शब्द सांगा म्हणतात. तिथं मी हा एवढा भाग सांगतो. पोरं टाळ्या वाजवतात.

लढाई थांबल्यावर नीमा आपल्या चुलीपुढं उभी होती. सगळ्यांत पुढं होती म्हणून ती पोचली होती. तिच्या मागच्या निम्म्याहून जास्त बायका उतारावर पडल्या होत्या. ती धापा टाकत होती, आणि पाठीवर कापडात बांधलेली फुराहा मान टाकून होती. झोपल्यासारखी. आमचा नर्सिंगवाला मागून गेला आणि थबकला. कापडाला मागच्या बाजूनं एक लहानसं भोक होतं. गोळी पोरीत शिरून तिथंच राहिली होती, म्हणून आई वाचली होती.

कासोंगोनं गाठ सोडली. नीमानं सोडू दिली, पण मागं वळून बघितलं नाही. तिला माहीत होतं. पळताना पाठीवरचं लेकरू जड झालं की आईला कळत असणार. त्यानं पोरीला पोंचोवर निजवलं आणि तिच्या शेजारी बसला.

मग नीमा बोलली. आवाज चढवून नाही, अगदी बारीक आवाजात. चुलीकडे बोट केलं आणि विचारलं, ही कुणी पेटवली?

तेवढी त्यांची भाषा मला येत होती. तिनं पुन्हा विचारलं, आणि मग सांगायला लागली, आणि जिवंत राहिलेल्या बायका भोवती येऊन मान हलवायला लागल्या. जंगलात त्यांना संध्याकाळी धूर दिसला. पुरुष म्हणाले, हा फसवायचा डाव असेल. बायका म्हणाल्या, डाव करणारे पुरुष असतात, आणि पुरुष चुली पेटवत नाहीत. म्हणजे आपल्यातल्या काही जणी परत गेल्या, सगळं ठीक आहे. तरीही कुणी उठलं नसतं. पण सकाळी नीमाला कडेची चूल दिसली. तिची. ती इथं जंगलात, आणि तिच्या चुलीतून धूर.

"मला वाटलं, कुणीतरी बाई माझ्या नवऱ्याला रांधून घालते," ती म्हणाली. "म्हणजे तो जिवंत आहे. आणि ती कोण, ते मला बघायचं होतं. म्हणून मी उठले. मी उठले म्हणून ह्या उठल्या. गोळे वाजायला लागले तेव्हा आम्ही नाल्यात अर्ध्यावर होतो, आवाज डोंगराच्या पलीकडून येत होता, म्हणून चालत राहिलो. ती कुठं आहे?"

ती खरंच आजूबाजूला बघत होती, बाई शोधत होती.

साहेबांनी मला विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं. साहेबांच्या गणवेशावर दुसऱ्याच्या रक्ताचा चिखल झाला होता. ते कासोंगोजवळ गेले आणि उकिडवे बसले.

"तिला सांग, मी पेटवली म्हणून," स्वतःच्या छातीवर हात ठेवून ते म्हणाले.

मी हिंदीत सांगितलं. कासोंगोनं मान हलवली. नाही.

"ऐक माझं. कल्पना माझीच हुती, त्यात खोटं काय न्हाई. आमी तीन महिन्यांनी इमानात बसून जाणार. आमच्यावर घाल. तुला हितं ऱ्हायाचंय, हिच्यासंगं ऱ्हायाचंय. तू पेटवलीस म्हणून कळलं तर ही तुझ्या घरात पाय ठेवंल व्हय? पोरगी गेली, ही बी जाईल."

मी तेही सांगितलं. कासोंगो पोरीच्या पायांकडे बघत राहिला. तो हो म्हणाला नाही आणि नाही म्हणाला नाही. मला त्याचा राग आला होता आणि मला रडूही येत होतं.

साहेब उठले. सरळ नीमाच्या चुलीपुढं गेले, गुडघ्यावर बसले. चूल विझत आली होती. खिशातून काडीपेटी काढली, तिला दिसेल अशी वर धरली. काडी ओढली, पानांना लावली, वाकून फुंकर घातली. जाळ झाला. मग तिच्याकडे वळून त्यांनी आपल्या छातीवर दोनदा बोट आपटलं. मी, मी.

नीमाला समजायला थोडा वेळ लागला. पुरुष चूल पेटवतो आहे हे डोळ्यांनी बघूनही तिचा विश्वास बसत नव्हता. तिनं नवऱ्याकडे बघितलं. कासोंगोनं मान खाली घातली.

तिनं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि साहेबांच्या तोंडावर मारलं.

आमच्या दोघा पोरांनी रायफली उचलल्या. "खाली," साहेब म्हणाले. ते गुडघ्यावरच होते. तिनं दुसरा वार केला, तिसरा केला. मिशा जळाल्याचा वास आला. त्यांनी हात आडवा घातला नाही, मागं सरकले नाहीत. इतर बायकांनीही लाकडं उचलली, आणि आम्ही धडधाकट जवान नजर जमिनीला लावून उभे राहिलो. लाकूड मोडलं तेव्हा ती थांबली. तिच्या हातात ताकद उरली नव्हती. ती साहेबांच्या अंगावर थुंकली आणि मग एकदम मोठ्यानं रडायला लागली.

कासोंगो उठला. पोरीला त्यानं पोंचोत गुंडाळून छातीशी धरलं आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता तो सांगेल. त्यानं सांगितलं नाही. नीमानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग त्याचा दंड धरला, आणि दोघं उताराकडे चालायला लागले, पायथ्याच्या ताडपत्र्यांकडे, जिथं पुरायला जागा होती. बाकीच्या बायका त्यांच्या मागून गेल्या. आमच्याकडे कुणी बघितलं नाही.

मी साहेबांना उठवायला गेलो. एक डोळा पूर्ण मिटला होता, दुसऱ्यात राख आणि रक्त. त्यांना काही दिसत नव्हतं. माझी बाही त्यांनी चाचपडून धरली.

"सर्जेराव, गेली का रं ती... गेली का रं त्याच्याबरूबर?"

"गेली, साहेब. त्याचा दंड धरून गेली."

"धरलाय न्हवं? नीट बघ."

मी बघितलं. ते अजून उतारावर दिसत होते. "धरलाय," मी म्हटलं.

"मग बास," साहेब म्हणाले, आणि तिथंच बसून राहिले.